आबांच्या रिव्हॉल्वरचा भाव काय?

२०२४ मध्ये आपल्याकडे दोनदा निवडणुका झाल्या. मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा. निवडणूक आली की बऱ्याच परवानाधारकांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि मग होस्टेलवर गप्पांना ऊत येतो. कुणाच्या आबांकडे इंग्रजांच्या काळातलं वेब्ली असतं, कुणाच्या मामांकडे स्मिथ अँड वेसन. पुढचा प्रश्न ठरलेला : "आज विकलं तर किती येतील रे?"

इंटरनेटवर बघून उत्तर काढू नका. अमेरिकेत साधं जुनं .३२ बोअरचं स्मिथ अँड वेसन काही शे डॉलर्सना मिळतं. तेच आपल्याकडे चालू स्थितीत आणि कागदपत्रांसकट असेल, तर गोष्ट काही लाखांवर जाते. लोखंड तेच, कंपनी तीच! मग एवढा फरक का?

कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर नवा माल येतच नाही. जे आधी आलं तेच हातोहाती फिरतं, आणि त्यातलं थोडं दरवर्षी गंजतं, मोडतं किंवा जप्त होतं. म्हणजे सप्लाय नुसता थांबलेला नाही, तो घटतोय. इकॉनॉमिक्सच्या सरांना हे उदाहरण नक्की आवडेल.

पण एक मेख आहे. आपल्या कायद्यात .३८ आणि .४५५ हे बोअर 'प्रतिबंधित' गटात येतात. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क ६ हे .४५५ चं. परदेशातले संग्राहक त्यावर जीव टाकतात, इथे मात्र साध्या परवान्यावर ते कुणी घेऊच शकत नाही. उलट संग्राहक ज्याच्याकडे फारसं बघत नाहीत त्या .३२ ला आपल्याकडे सोन्याचा भाव! कानपूरच्या आयुध निर्माणीनं .३२ चं देशी रिव्हॉल्वर बनवलं तेही वेब्ली मार्क ४ च्या डिझाइनवरूनच. त्याची गोळी पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत आली. आपल्या वरणगावचा कारखाना मात्र मुख्यतः लष्करी रायफलच्या काडतुसांचा.

बाहेरच्या जगात गोष्टीलाही किंमत असते. बिली द किडला ज्या कोल्ट रिव्हॉल्वरनं मारलं ते २०२१ मध्ये लिलावात ६० लाख डॉलर्सवर गेलं. व्हॅन गॉगनं स्वतःवर झाडलं असं मानलं जाणारं गंजकं रिव्हॉल्वर २०१९ मध्ये पॅरिसला १ लाख ६२ हजार ५०० युरोला विकलं गेलं. ते एका शेतकऱ्याला शेतात सापडलं होतं, आणि त्यातून गोळी सुटणं शक्यच नव्हतं! आपल्याकडे असा बाजार उभाच राहिला नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून आबांचं रिव्हॉल्वर लंडनच्या लिलावात पाठवायचे मनसुबे सोडून द्या.

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. भाव ठरताना सिलिंडर नळीच्या रेषेत घट्ट लॉक होतो का, नळीतले आटे झिजलेत का, सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का, हे पाहतात. वरचा निळसर काळा रंग म्हणजे ब्लुइंग, लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर. चकचकीत दिसावं म्हणून कुणी तो घासून पॉलिश केला तर संग्राहकाच्या लेखी ते हत्यार संपलं.

गेल्या काही वर्षांत मात्र वारं बदललंय. २०१४ मध्ये कानपूरचं 'निर्भीक' आलं, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉटनं उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ चं उत्पादन सुरू केलं, सुमारे १ लाख ६० हजारांना. २०२३ मध्ये कानपूरचं 'प्रबळ' आलं, सिलिंडर बाजूला उघडणारं. म्हणजे 'वेब्ली' हे नाव आता नवं कोरं मिळतं! त्यातच २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. वारसानं आलेलंही त्यातच धरायचं. तिसरं हत्यार वर्षभरात जमा करायचं होतं. नुसतं चालवायला हवं असलेला माणूस आता जुन्यासाठी तिप्पट पैसे का मोजेल? माझ्या मते जुन्याचा भाव यापुढे नावावर कमी आणि कंडिशनवर जास्त ठरेल.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या हद्दीपलीकडे बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी गावठी कट्ट्यांसाठी पेपरात सारखं येतं. तो बाजार या हिशोबात धरलेला नाही. विनापरवाना हत्यार बाळगलं तर किमान दोन वर्षं आत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हत्यार विकायचं तर घेणाऱ्याकडे त्याच प्रकारचा परवाना हवा, आणि देणाऱ्याचे कागद जिवंत हवेत. परवाना आबांच्या नावावर, आबा गेले, आणि रिव्हॉल्वर कपाटातच राहिलं, तर घरात लाखाची वस्तू नाही, गुन्हा पडलाय. मृत्यूनंतर ते लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं आणि वारसानं जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत आणखी एक सोय आहे : परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तेव्हा आबा धडधाकट असतानाच विषय काढलेला बरा, थोडे रागावतील एवढंच. जमा केलेलं हत्यार ठरलेल्या मुदतीत कुणी सोडवलं नाही, तर ते सरकारजमा होतं, मग त्यावर वेब्ली लिहिलेलं असो की आणखी काही.