धबधब्याला जाण्यापूर्वी

पावसाळा ओसरू लागला की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. मुलांपैकी कोणीतरी एक जण म्हणतो, "गुरुजी, यंदा धबधब्याला जाऊ या," आणि मग सारा वर्ग तेच म्हणू लागतो. मुलांचा हा हट्ट वावगा नाही. सह्याद्रीसारखी भूगोलाची शाळा दुसरी नाही. मात्र या शाळेत जायचे तर अगोदर घरी बसून तीन हिशेब मांडावे लागतात : वेळेचा, पाण्याचा आणि माणसांचा. हे हिशेब कसे मांडायचे, एवढेच आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातला देवकुंडाचा धबधबा घेऊ. पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरले की विळे लागते; तेथून भिरा आणि पाटणूस ही गावे जवळच आहेत. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून खाली सोडून भिऱ्याला १९२७ सालापासून वीज तयार होते. गाडी गावात ठेवायची, गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचा आणि चालू लागायचे. वाट आधी जलाशयाच्या कडेकडेने जाते, मग रानात शिरते, ओढे ओलांडते आणि शेवटी दगडगोट्यांतून चढत कुंडापाशी पोहोचते. जायला सुमारे सहा किलोमीटर आणि यायला तितकेच. फार अवघड नाही, पण फिरायला जाण्याइतके सोपेही नाही.

आता पहिला हिशेब वेळेचा. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा ठोकताळा दिला. दर पाच किलोमीटर चालीला एक तास धरावा, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटर आणि, समजा, तीनशे मीटर चढ असेल, तर पाऊण तास कमी अडीच तास, म्हणजे पावणेदोन तास होतात. पण हा हिशेब सराईत माणसाचा आहे. बरोबर तीस मुले असतील, वाट दगडांची असेल, तर त्याची दीडपट करा. म्हणजे अडीच तासांहून थोडे अधिक. सकाळी आठला निघालात तर पावणेअकराला कुंडापाशी पोहोचाल. तासभर बसलात तर पावणेबाराला परत फिरणे आले, आणि अडीच-तीनला गावात.

एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा : परत फिरण्याची वेळ. समजा, ती बारा वाजताची ठरली. बारा वाजले की जेथे असाल तेथून माघारी वळायचे, मग धबधबा नुसता दहा मिनिटांवर का राहिला असेना. ही वेळ घरी ठरवलेली असली तरच पाळली जाते. समोर पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, की तेथे उभे राहून कोणीही ती ठरवू शकत नाही. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दरीतल्या रानात तर अंधार त्याच्याही आधी उतरतो.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि खरे मोल याचेच आहे. सह्याद्री हा काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला डोंगर. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. यातला कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो, आणि कडा तयार होऊन धबधबा पडतो. पण याच कातळात पाणी फारसे मुरत नाही. माथ्यावर मातीचा थर पातळ, उतार उभा. म्हणून पडलेला पाऊस थेट ओढ्याला येऊन मिळतो. वर्गात मुलांना हे गणित घालून पाहा : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. मग एक चौरस किलोमीटर माथ्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर किती? उत्तर दहा कोटी लिटर! आणि ते सारे पाणी एका अरुंद घळीतून खाली यायचे असते.

म्हणून लक्षात ठेवा : आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही, पाणी जेथून येते तेथले आभाळ पाहावे लागते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात कॉलेजच्या मुलांना घेऊन मी सह्याद्रीतल्याच एका धबधब्याला गेलो होतो. सकाळी दहा वाजता जो ओढा आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून हसतखेळत ओलांडला, तोच दुपारी दोन वाजता कमरेइतका गढूळ होऊन गर्जत होता. आमच्यावर एक थेंब पडला नव्हता. वर माथ्यावर मात्र ढग काळे झाले होते, तिकडे आमचे लक्षच नव्हते. दोघे उत्साही विद्यार्थी हातात हात घालून उतरायला निघाले. मीही, खरे सांगतो, "बेताने जा" एवढेच म्हणणार होतो. आमच्याबरोबरचा म्हातारा वाटाड्या त्यांच्या आडवा उभा राहिला. मला म्हणाला, "मास्तर, पानी आलंय तसं जाईल. बसा खाली, पोरांना खायाला द्या." आम्ही तीन तास बसलो. साडेपाचला पाणी गुडघ्याखाली आले, आणि काळोखातून बॅटऱ्यांच्या उजेडात आम्ही गावात पोहोचलो. त्या दिवशी मी परत फिरण्याची वेळ ठरवली नव्हती, हा दोष माझाच.

असा वाटाड्या सगळ्यांच्याच नशिबी नसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुलेही होती. पाणी वाढले तेव्हा ती प्रवाहाच्या मधोमध उभी होती. या घटनेत साऱ्यांना घेण्याजोगा धडा आहे.

मग काय करावे? भर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुलांना अशा ठिकाणी नेऊच नये. देवकुंडासारख्या ठिकाणी पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदीचे हुकूम काढते, ते उगीच नव्हेत. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. नोव्हेंबर आणि डिसेंबराची सुरुवात हा उत्तम काळ. पाणी असते आणि आभाळही बहुधा स्वच्छ असते. आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज ऐका. घाटमाथ्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल पुढे ढकला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइलवरचे ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते, तेही शिक्षकांनी जवळ ठेवावे.

तेथे पोहोचल्यावर एक सोपी युक्ती करा. पाण्याच्या अगदी काठाशी एक दगड ठेवा आणि एका मुलाला त्याची राखण द्या. दगड बुडू लागला, पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा आवाज एकाएकी बदलला, तर क्षणभर न थांबता सगळ्यांनी उंचावर यायचे. सामान राहिले तर राहू दे. परतीच्या वाटेवरच्या ओढ्यात वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका; मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतके पाणी लहान मुलाच्या मांडीपर्यंत येते. आणि कुंडात पोहणे नको म्हणजे नकोच. वरून पडणारी धार माणसाला खाली दाबते, आणि तिच्याबरोबर कधी दगडही येतो.

तिसरा हिशेब माणसांचा. दर आठ-दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे. वाटाड्या पुढे, एक शिक्षक सर्वांत मागे, आणि त्या दोघांच्या मध्ये सारी मुले. प्रत्येक ओढ्यापाशी शिरगणती करा. रानात मोबाइलला रेंज असेलच असे नाही, म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे गावात कोणाजवळ तरी सांगून ठेवा. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, आणि एका पिशवीत बॅटरी, शिट्टी व मलमपट्टीचे सामान असावे. पायात खाचेदार तळव्याचे बूट हवेत. शेवाळलेल्या कातळावर रबरी चप्पल घसरते. आग्या मोहोळ दिसले तर धूर करू नका, दगड मारू नका. सर्पदंश झाला तर चिरा देणे, रक्त चोखणे हे प्रकार टाळा. तो अवयव हलू न देता माणसाला झोळीत घालून गावात आणा, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, "एवढी दगदग कशाला? त्यापेक्षा सहल नको." तसे करू नका. ज्या मुलाने काठावरच्या दगडाची राखण केली, त्याला पाणलोट क्षेत्र म्हणजे काय हे फळ्यावर शिकवावे लागत नाही. आणि परत फिरण्याची ठरलेली वेळ झाली, धबधबा अजून थोडा दूर आहे, मुले हिरमुसली आहेत, अशी पाळी आली तरी माघारी वळा. डोंगर तेथेच आहे, पुढच्या वर्षीही पाणी पडणार आहे. मुलांना घरी पोहोचवणे हे आपल्याकडे सोपवलेले काम आहे.