डोळा कोणाच्या वाट्यास?

'नाक आजोबांचे, डोळे आजीचे' असे आपण घरोघर म्हणतो, आणि जे पिंडात आले तेच पुढे उमटणार, असा सिद्धांतही त्यावरून सहज बांधतो. समुद्रातील एका क्षुद्र जीवाने ह्या सिद्धांतास दिलेले उत्तर आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ॲसिडियन हा प्राणी प्रौढपणी खडकास चिकटलेल्या पिशवीसारखा दिसतो. परंतु अंड्यातून बाहेर पडते ती बेडकाच्या पिलासारखी पोहणारी, शेपटीची अळी. तिची जडणघडण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसारखी होते, हे रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्हस्की ह्यांनी १८६६ साली दाखविले.

अळीच्या मस्तकात दोन काळ्या रंगपेशी असतात. एक वर कोणते व खाली कोणते हे ओळखण्याच्या कामी येते. दुसरी प्रकाश टिपणाऱ्या पेशींस आडोसा देऊन डोळ्याचा भाग बनते. गर्भावस्थेत ह्या दोघी डाव्या व उजव्या अंगास समोरासमोर असतात. पुढे मज्जेची नळी मिटताना त्या मध्यरेषेवर एकीमागे एक येतात. मागे राहील ती डोळ्याची, पुढे जाईल ती तोलाची!

जपानी संशोधक निशिदा व सातो ह्यांनी १९८९ साली ह्यांपैकी एक पेशी नष्ट करून पाहिली. उरलेली पेशी डोळ्याचीच झाली. म्हणजे डोळा होण्याची पात्रता दोघींतही होती.

मग भेद कोठून आला? दोन्ही पेशींतील जनुके तीच; काळा रंग तयार करणारे जनुकही दोघींत जागे होते. परंतु ग्रंथ एकच असला, तरी कोणते पान उघडावयाचे हे शेजार ठरवितो. सिओना नावाच्या ॲसिडियनावरील २०१२ सालच्या संशोधनात असे दिसले की, व्न्ट नावाचा रासायनिक निरोप मिळालेल्या पेशीत फॉक्स-डी हे जनुक जागे होते आणि ती पेशी डोळ्याच्या वाटेस लागते.

अळी खडकास चिकटली की शेपटीसह ही दोन्ही इंद्रियेही विरून जातात. त्यांचे काम संपलेले असते.

दोन पेशींवरून मनुष्यस्वभावाचा कायदा बांधणे उतावीळपणाचे होईल. तथापि जे उमटले नाही ते मुळात नव्हतेच, असे म्हणण्यापूर्वी ह्या दोन बहिणींची आठवण ठेवणे बरे.