उठू द्या, चालू द्या

25 मार्च 2020 ला करोनामुळे देशभर टाळेबंदी लागली आणि जिम, बागा, मैदानं बंद झाल्याची चर्चा पुष्कळ झाली. पण बहुतेकांचं चालणं व्हायचं ते स्टेशनच्या जिन्यावर, भाजी आणताना, देवळात जाताना. ते एका दिवसात थांबलं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

सर्वांत मोठा फटका ज्येष्ठांना बसला. 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस उतरलं. घरात बसणं म्हणजे अंथरूण धरणं नव्हे, हे खरं. पण वाट त्याच दिशेची आहे. मांडीतला जोर गेला की संडासातून उठताना भिंत धरावी लागते आणि पडण्याचा धोका वाढतो.

यावर घरातली साधी खुर्ची पुरते. ती भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पावलं जमिनीवर पूर्ण टेकवून, हातांची घडी छातीशी घालून, किंचित पुढे झुकून उठा. बसताना धपकन बसू नका. सावकाश खाली येण्यातच मांड्यांची खरी मेहनत आहे. तोल जात असेल तर शेजारी कुणीतरी उभं हवं.

तरुणांना सूर्यनमस्कार आहेतच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते संस्थानातल्या शाळांत नेले; त्यांना एका सतरंजीएवढी जागा पुरते. मधुमेह असणाऱ्यांनी जेवणानंतर घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात, कारण काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ताप असेल तेव्हा मात्र विश्रांतीच.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगितले. व्यायाम सलग दहा मिनिटं तरी झाला पाहिजे, ही जुनी अटही तिने काढून टाकली. घरात अडकलेल्यांसाठी मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. केर काढणं, जिना चढणं, फोनवर बोलताना येरझाऱ्या, सगळं हिशेबात धरलं जातं.

पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारे व्यायाम हवेत, असंही ही संघटना सांगते. म्हणून घरातल्या लेकी-सुनांना आणि मुलांना एकच विनंती: आजी-आजोबांना उठता येत असेल, तर पाण्याचा तांब्या मायेपोटी त्यांच्या हाताशी नेऊन ठेवू नका. त्यांना स्वयंपाकघरापर्यंत चालू द्या.