मधुमेहींना नुसती चिठ्ठी नको, तज्ज्ञाचे उत्तर हवे!

मधुमेह हा शेठजींचा आजार, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच संपले. मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०२१ साली केलेल्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातील सुमारे १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. देशभरातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून २०२३ साली जाहीर झाले. हे आकडे कोणाचे? परळच्या चाळीत राहणाऱ्या निवृत्त गिरणी कामगाराचे, लालबागला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे, दादरच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेहाने ग्रासले होते. दिल्लीत घटनेच्या कामाचा डोंगर आणि उपचार मुंबईच्या डॉ. मालवणकरांकडे, अशी ती ओढाताण होती. त्याच डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करीत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा बाबासाहेबांशी विवाह झाला आणि डॉक्टरच घरात आल्या. मधुमेह हा एका गोळीने बरा होणारा ताप नव्हे; तो रोज सांभाळावा लागतो आणि त्यासाठी जाणता डॉक्टर जवळ असावा लागतो. देशाच्या कायदामंत्र्यांना जी गरज होती, ती मोलमजुरी करणाऱ्या माणसाला नाही काय?

आज होते काय? वस्तीजवळच्या दवाखान्यातले डॉक्टर गोळ्या देतात. साखर आटोक्यात आली नाही की मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. केईएम असो, नायर असो, सकाळपासून केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग, मग तपासणीची रांग. दिवस गेला म्हणजे खाडा झाला आणि खाड्याचे पैसे कापले गेले. दुसऱ्या वेळी आमचा माणूस जातच नाही. जुन्याच गोळ्या चालू राहतात. पुढे नजर अंधुक होते, पायाची जखम चिघळते, किडनी दगा देते. मग डायलिसिससाठी कर्ज काढायचे!

हा सारा खेळ एका प्रश्नावर अडलेला असतो. समजा, पन्नाशीच्या एका भगिनीची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, साडेनऊ आहे. क्रिएटिनीन वाढलेले आहे. मेटफॉर्मिन चालू ठेवायचे की कमी करायचे? इन्सुलिन सुरू करायचे काय? दवाखान्यातील डॉक्टरांना एवढाच सल्ला हवा असतो. त्यासाठी त्या भगिनीने दिवस का मोडावा? प्रश्न आणि तपासण्यांचे अहवाल संगणकावरून तज्ज्ञाकडे जावेत, तज्ज्ञाने सवड काढून एक-दोन दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि जवळच्याच डॉक्टरांनी उपचार बदलावा. यालाच इलेक्ट्रॉनिक सल्ला म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयाने २००५ साली, गरिबांच्या लांबलेल्या रांगा पाहूनच, या वाटेने सुरुवात केली. कॅनडातील ओटावा भागात २०१० पासून ही पद्धत रुजली.

आपल्याकडे कायद्याची अडचण आहे काय? मुळीच नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टराचा सल्ला दुरून घेण्याची स्पष्ट तरतूद आहे. रुग्ण ज्याच्या हाताखाली आहे त्या डॉक्टराचीच उपचाराची जबाबदारी राहते, हेही त्यात नमूद आहे. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेत आरोग्य केंद्र आणि तज्ज्ञ जोडण्याचे काम नोव्हेंबर २०१९ पासून सुरू झाले. साधन आहे, नियम आहे. प्रश्न इच्छाशक्तीचा आहे.

आमचे काही कार्यकर्ते विचारतात, श्रीमंताला डॉक्टर आणि गरिबाला संगणकाचा पडदा, ही नवी वर्णव्यवस्था नव्हे काय? ही शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. म्हणूनच आम्ही बजावून सांगतो, हा सल्ला तज्ज्ञाच्या भेटीला पर्याय म्हणून नको. पायाला जखम, अचानक अंधारलेली नजर, छातीत कळ, गरोदरपणातील मधुमेह, अशा रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेच पाहिजे. उलट, साध्या प्रश्नांची उत्तरे दवाखान्यातच मिळाली तर ओपीडीची रांग कमी होईल आणि खऱ्या गरजूला तज्ज्ञ लवकर भेटेल.

आम्ही भीक मागत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ नुसार सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालविणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. घटनेचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे कलम २१ चा भंग, असे सांगितले. तो खटला तातडीच्या उपचाराचा होता. पण हळूहळू अंधत्वाकडे नेणारा विलंब हाही विलंबच आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली आणि १९४८ चा कायदा आला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, नोकरीबरोबर ते विम्याचे छत्रही गेले. आज त्या कामगाराला पालिकेचा दवाखाना हाच आधार आहे. २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू झाले; पण पाटी लावून मधुमेह आटोक्यात येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक दवाखाना केईएम, नायर वा सायनच्या मधुमेहतज्ज्ञांशी जोडावा. जिथे सोय असेल तिथे ती फलकावर लिहावी. उत्तराची मुदत ठरवावी. तज्ज्ञाचा हा वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरावा, नाहीतर योजना कागदावरच राहील. एचबीए१सी आणि क्रिएटिनीनच्या तपासण्या तिथेच व्हाव्यात आणि सुचवलेले औषध त्याच खिडकीवर मिळावे. बाहेरून आणायला सांगितले तर सल्ल्याचा उपयोग काय? रुग्णाची माहिती गुप्त राहावी आणि सल्ल्याची मराठी प्रत त्याच्या हाती द्यावी.

बांधवांनो आणि भगिनींनो, आपलेही काम आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा मधुमेहींच्या वह्या तपासा. साखर, रक्तदाब, गोळ्या, शेवटची डोळ्यांची तपासणी यांची नोंद ठेवा. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात विचारा, किती रुग्णांसाठी तज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि उत्तर किती दिवसांत आले? उत्तर आले नाही तर अपील करा. शिकलेल्या समाजाने आपल्या आईबापांचे पाय कापले जाईपर्यंत गप्प बसायचे नसते.

जय भीम!