मुलांतील चुरस आणि सहकार्याचे शिक्षण

टॉम बोका आणि जेरी उंदीर यांची भांडणे ठाऊक नसलेले मूल विरळाच. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी निर्माण केलेल्या या व्यंगचित्रमालिकेतील १९४२ सालचा ‘डॉग ट्रबल’ हा भाग शिक्षकांनी अवश्य पाहावा. बोका उंदराचा पाठलाग करीत असता दोघांचीही गाठ एका दांडग्या कुत्र्याशी पडते. जीव वाचविण्यासाठी दोघे एक होतात. घरभर लोकरीचा धागा गुंतवून कुत्र्यासाठी सापळा रचला जातो, सामानाची मोडतोड होते आणि तिचा दोष येऊन कुत्र्याची घरातून हकालपट्टी होते. परंतु कुत्रा गेला, तशी मैत्रीही संपते.

समान शत्रूच्या भयाने झालेले ऐक्य भयाबरोबरच ओसरते. मग चुरशीने दुरावलेल्या मुलांना सहकार्य कसे शिकवावे? या प्रश्नाचा शोध मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात घेतला. सुमारे अकरा वर्षे वयाच्या २२ मुलांचे त्यांनी दोन गट केले व त्यांना रॉबर्स केव्ह येथील उन्हाळी शिबिरात ठेवले. रस्सीखेच, बेसबॉल इत्यादी सामन्यांना बक्षिसे लावताच शिवीगाळ, झेंड्यांची जाळपोळ आणि एकमेकांच्या निवासांवर हल्ले सुरू झाले. ही मुले उनाड नव्हती. चांगल्या वळणाची म्हणूनच ती निवडलेली होती. दोष मुलांत नव्हता, परिस्थितीत होता.

प्रथम दोन्ही गटांना एकत्र जेवावयास बसविण्यात आले. त्याने सलोखा झाला नाही. उलट मुलांनी परस्परांवर अन्न फेकले. पुढे शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि बिघाड शोधण्यास सर्वांना लागावे लागले. एकदा अन्न आणणारी मोटार सुरू होईना. तेव्हा रस्सीखेचीसाठी वापरलेलीच दोरी मोटारीस बांधून दोन्ही गटांनी ती एका दिशेने ओढली. ही संकटे मुद्दाम योजलेली होती. अशा अनेक कामांनंतर वैर हळूहळू निवळले; परतताना मुलांनी एकाच बसने जाणे पसंत केले. मुलांना न कळविता केलेला असा प्रयोग आज कोणी योग्य मानणार नाही, आणि मुलांत वैर पेटविणे हे तर शिक्षकाचे काम नव्हेच. घ्यावयाचा बोध एवढाच की, नुसते जवळ बसविल्याने मने जुळत नाहीत. एकट्याने होणार नाही असे काम सर्वांपुढे असावे लागते.

हेच तत्त्व एलियट अॅरन्सन यांनी १९७१ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे वर्गात आणले. तेथील शाळांत निरनिराळ्या वंशांची मुले नव्यानेच एकत्र आली होती व त्यांच्यात तेढ होती. अॅरन्सन यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, पाठाचे तितकेच भाग पाडले आणि प्रत्येक मुलास एकच भाग दिला. तो त्याने अभ्यासावा व इतरांस समजावून द्यावा, अशी ही योजना होती.

प्राथमिक शाळेत ही पद्धत विनाखर्च योजिता येईल. ‘आपला जिल्हा’ हा पाठ असेल तर एकाने नद्या, दुसऱ्याने पिके, तिसऱ्याने बाजारपेठा, चौथ्याने रस्ते अभ्यासावेत. एकाच भागाची मुले आधी एकत्र बसून तयारी करतील, तर मागे पडणाऱ्या मुलासही धीर येईल. ज्याला एरवी कोणी खेळात घेत नाही, तो बोलू लागला की सर्वांना ऐकावे लागते. कारण नद्यांची माहिती त्याच्याजवळच असते. एका हुशार मुलाने सर्व लिहावे आणि इतरांनी पाहत बसावे, याला मात्र सहकार्य म्हणता येणार नाही. म्हणून काम नेमताना शिक्षकाने एक कसोटी लावावी : गटातील सर्वांत अबोल मूल गैरहजर राहिले, तर काम अडते काय? अडत असेल, तरच ते काम सर्वांचे होय.