पनवेलमधील ई-व्यापार मालवाहतूक

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील शहर ऑनलाइन किरकोळ विक्रीच्या साठवणूक व वितरण सेवांसाठी सोयीचे ठिकाण आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग लगतच्या कळंबोलीपासून सुरू होतो, तर गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून निघतो.

या परिसरातील गोदामांचा व्यवसाय ऑनलाइन खरेदीपेक्षा जुना आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर कंटेनरमधील मालाच्या साठवणुकीमुळे तो वाढला. १ जुलै २०१७ पूर्वी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या निरनिराळ्या राज्यांत लहान गोदामे ठेवत. वस्तू व सेवा करानंतर ती गरज उरली नाही आणि महामार्गांलगतच्या मोठ्या गोदामांचे महत्त्व वाढले. तेथून पार्सले पिनकोडनुसार वेगळी होऊन स्थानिक केंद्रांत जातात व बहुधा दुचाकीवरून घरपोच होतात. हा अखेरचा टप्पाच सर्वांत खर्चिक; परत येणारा माल त्यात भर घालतो.

या विकासामागे भूसंपादनाचा संघर्षही आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. गोदामांतील हमाली व वितरणाची कामे मात्र बव्हंशी कंत्राटी स्वरूपाची आहेत.