लिनक्स सर्व्हरवरील नियोजित डेटाबेस बॅकअप : अपयशाची कारणे व शोधपद्धती
(मीरा-भाईंदर शहरातील लहान कार्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मीरा-भाईंदर नगरपरिषदेची स्थापना १९८५ साली झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर पोहोचली. या वाढीबरोबर गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दवाखाने व शाळा यांच्या नोंदीही वहीतून संगणकात आल्या. अशा कार्यालयांत मोफत मिळणारी लिनक्स कार्यप्रणाली आणि मायएसक्यूएल अथवा पोस्टग्रेस यांसारखा डेटाबेस वापरणे किफायतशीर ठरते. रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ती 'क्रॉन' या वेळापत्रक-यंत्रणेकडे सोपविली जाते आणि बहुधा त्यानंतर तिच्याकडे कोणी पाहत नाही. ही स्क्रिप्ट बंद पडल्यास कारण कसे शोधावे, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

मूक अपयशाचे एक उदाहरण

बॅकअपचे अपयश सहसा मूक असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी चुकून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसची निर्देशिका पुसली. रोजचा बॅकअप पाहू जाता तो अस्तित्वातच नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीचा होता. बॅकअप घेणारे साधन मात्र ९.२ या आवृत्तीचे चालत होते व प्रत्येक वेळी त्रुटी देऊन थांबत होते. त्रुटीची सूचना क्रॉन ई-मेलने पाठवीत होता. परंतु प्रेषकाच्या अधिकृततेची खूण नसल्याने ती पत्रे नाकारली जात होती. सुमारे सहा तास आधी अन्य कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून हानी त्या सहा तासांपुरती मर्यादित राहिली. कंपनीने हा सर्व वृत्तान्त स्वतःच जाहीर केला, ही गोष्ट अनुकरणीय म्हटली पाहिजे. एवढ्या मोठ्या संस्थेत जे घडले ते दोन खोल्यांच्या कार्यालयात घडणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

काम सुरू झाले होते काय?

तपासाचा पहिला प्रश्न हाच असावा. क्रॉनने आज्ञा दिल्याची नोंद डेबियन परिवारात सामान्यतः 'सिसलॉग' या नोंदवहीत, रेड हॅट परिवारात 'क्रॉन' नावाच्या नोंदवहीत आणि नव्या प्रणालींत सिस्टमडीच्या जर्नलमध्ये सापडते. नोंद नसेल तर दोष स्क्रिप्टमध्ये नसून त्याआधीच्या टप्प्यात आहे.

येथे एक अगदी घरगुती कारण प्रथम तपासावे. ज्या कार्यालयात संध्याकाळी कुलूप लावताना मुख्य स्विच बंद करण्याची पद्धत आहे, तेथे रात्री २ वाजताचे काम कधीच होणार नाही. कारण चुकलेली वेळ क्रॉन भरून काढीत नाही. पावसाळ्यातील वीजखंडाचाही परिणाम हाच. अशा ठिकाणी 'ॲनाक्रॉन' वापरावा. तो यंत्र सुरू झाल्यावर राहून गेलेले दैनिक काम उरकतो. दुसरे कारण घड्याळाचे. भाड्याने घेतलेला सर्व्हर अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने तेथील रात्रीचे २ म्हणजे येथील सकाळचे साडेसात. दवाखान्यात वा सकाळच्या शाळेत नेमके त्याच वेळी काम सुरू होते, आणि मायएसक्यूएलचे बॅकअप-साधन मूळ सेटिंगनुसार तक्ते कुलूपबंद करीत असल्याने नव्या नोंदी अडकून पडतात. तक्ते इनोडीबी प्रकारचे असल्यास एकाच व्यवहारात प्रत घेण्याचा पर्याय निवडावा.

'हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही'

ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार होय. वापरकर्ता प्रवेश करतो तेव्हा त्याच्या परिवेशात आज्ञा कोठे शोधाव्यात याची लांब यादी असते; क्रॉनकडे ही यादी फार तोकडी असते व तो बॅशऐवजी साधे शेल वापरतो. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा. याच वर्गातील दुसरा सापळा टक्केचिन्हाचा आहे. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी % हे चिन्ह वापरतात. परंतु क्रॉनटॅबमध्ये ते नव्या ओळीचे चिन्ह मानले जाते व आज्ञा मध्येच तुटते. त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी, किंवा तारखेचा भाग स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये न्यावा. दुसरा उपाय अधिक सोयीचा.

वीस बाइटची फाइल

काम सुरू झाले, फाइलही तयार झाली, तरी बॅकअप झाला असे ठरत नाही. डेटाबेसचा मजकूर नळीने जीझिपकडे देऊन आकुंचित करण्याची पद्धत सर्वत्र आहे. पासवर्ड बदलल्यामुळे पहिली आज्ञा फसली तरी जीझिप रिकामा मजकूर इमानाने आकुंचित करतो आणि यशाचा संकेतांक देतो. कारण शेल नळीतील शेवटच्या आज्ञेचाच निकाल पाहते. परिणामी रोज तारीखवार नाव असलेली, पण अवघ्या २० बाइटची फाइल जमा होत राहते. बॅशमधील 'पाइपफेल' हा पर्याय लावल्यास पहिल्या आज्ञेचे अपयश दिसू लागते. जुन्या प्रती पुसण्याचे काम नवी प्रत तपासण्यापूर्वी करणारी स्क्रिप्ट तर अधिकच घातक. ती सात दिवसांत सातही चांगल्या प्रती नाहीशा करते.

प्रत कोठे ठेवावी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील फायली जळाल्या. खाडी व समुद्राच्या सान्निध्यातील सखल शहरात तळमजल्यावरील सर्व्हरची एकमेव प्रत त्याच कपाटात ठेवणे कितपत शहाणपणाचे, हे सांगावयास नको.

पुनर्स्थापनेची चाचणी

महिन्यातून एकदा प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहावी. येथे मराठी नोंदींचा प्रश्न स्वतंत्रपणे उद्भवतो. जुन्या प्रणालीने देवनागरी मजकूर 'लॅटिन-१' समजून साठविला असेल, तर भरताना व वाचताना एकच चूक होत असल्याने पडद्यावर नाव बरोबर दिसते. नव्या यंत्रावर मात्र त्याच नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. ओळींची संख्या जुळली तरी हा दोष लक्षात येत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी एखाद्या सभासदाचे जोडाक्षरयुक्त नाव प्रत्यक्ष उघडून वाचावे आणि ते मूळ यंत्रावरील नावाशी ताडून पाहावे.